परिचयपत्रातला ‘पांढरपेशा’

कोपरखैरण्याहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या अठ्ठावीस वर्षांच्या असून एका बँकेत अधिकारी आहेत. त्यांच्या वडिलांनी वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात एकतीस वर्षे माथाडी कामगार म्हणून, म्हणजे ओझी उचलण्या-वाहण्याचे, काम केले आणि दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. घरात लग्नाचे पाहायला सुरुवात झाली तेव्हा मामांनी मुलीचे परिचयपत्र तयार केले. त्यात वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘निवृत्त, बाजार समिती, वाशी’ एवढेच लिहिले आणि खाली ‘सुसंस्कृत, पांढरपेशे, मध्यमवर्गीय कुटुंब’ अशी ओळ घातली. वडिलांनी तो कागद वाचला, त्याची घडी करून टीव्हीखाली ठेवला आणि त्या दिवसापासून त्या विषयावर ते एक शब्दही बोललेले नाहीत. मामांचे म्हणणे असे, की सगळेच असे लिहितात, यात खोटे काही नाही आणि ‘माथाडी’ लिहिले तर चांगली स्थळे येणार नाहीत. या भगिनी विचारतात : ‘पांढरपेशा या शब्दाचा नेमका अर्थ काय? आम्ही खरोखर मध्यमवर्गीय आहोत का? घरांच्या सोडतीचा अर्ज भरताना आम्ही अल्प उत्पन्न गटात बसलो होतो आणि बँकेतले सहकारी मात्र मला टिपिकल मध्यमवर्गीय म्हणून हसतात. आणि त्या कागदावर आता मी काय लिहू?’

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र मी तीन-चार वेळा वाचले. एका शब्दावरून घरात एवढी शांतता पसरावी, याचे अनेकांना नवल वाटेल. मला वाटले नाही, कारण तुमच्या वडिलांना त्या शब्दाचा अर्थ मामांपेक्षा अधिक अचूक कळलेला आहे.

‘पांढरपेशा’ हा शब्द आपण आज ‘नोकरदार’, ‘सुशिक्षित’, ‘बऱ्या घरचा’ अशा कोणत्याही अर्थाने सैलपणे वापरतो. मूळ अर्थ मात्र पुरेसा नेमका आहे. पेशा म्हणजे धंदा, उपजीविकेचे काम. हा शब्द फारसीतून मराठीत आला. ज्या कामात अंगावरचे पांढरे कपडे मळत नाहीत, असे काम करणारा तो पांढरपेशा. हिंदी-उर्दूत याच्या जवळचा ‘सफेदपोश’ हा शब्द आहे. त्यातला ‘पोश’ म्हणजे नेसलेला, पांघरलेला. आपल्या ‘पोशाखा’त तोच दिसतो. सफेदपोश हा शब्द माणसाच्या अंगावर काय आहे ते सांगतो, तर पांढरपेशा हा शब्द माणूस कोणते काम करतो ते सांगतो, आणि त्याहीपेक्षा, तो कोणते काम करत नाही ते सांगतो. नांगर धरत नाही, ओझे उचलत नाही, भट्टीपुढे उभा राहत नाही, कातडे कमावत नाही. एखाद्या समूहाला त्याच्या न करण्यावरून नाव मिळावे, असे शब्द भाषेत फार नसतात. इंग्रजीतल्या ‘व्हाइट कॉलर’चे हे भाषांतर असावे असे पुष्कळांना वाटते, पण तो इंग्रजी शब्दप्रयोग विसाव्या शतकात रूढ झाला आणि आपला शब्द त्याच्याही आधीपासून वापरात आहे.

या ठिकाणी एक गोष्ट माझ्या मनात नेहमी येते. आपल्या जुन्या गावगाड्यात कसायच्या जमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणत. ‘पांढरपेशा’ची व्युत्पत्ती त्या पांढरीत आहे असे मी म्हणणार नाही. तरीही पांढरीत बसून काळीतल्या कष्टांचा हिशेब लिहिणारा माणूस डोळ्यांसमोर आला, की दोन्ही शब्दांचा रंग एकच असल्याचे जाणवल्यावाचून राहत नाही.

हा शब्द केवळ वर्णनापुरता कधीच नव्हता, हेही तुम्हाला ठाऊक असायला हवे. इंग्रजी अमलात कोकणच्या महसुलात ‘पांढरपेशे’ हा शेतकऱ्यांचा एक वेगळा प्रकार म्हणून नोंदला जाई. ब्राह्मण, प्रभू आणि त्यांच्यासारख्या लेखणीवर जगणाऱ्या जातींतले खातेदार त्यात येत. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आपल्या शेजारच्या आजच्या रायगडात, अनेक ठिकाणी पांढरपेशांकडून कुणब्यांपेक्षा कमी दराने धारा, म्हणजे जमिनीचा सारा, घेतला जाई. स्वतः नांगर न धरणाऱ्याला मजूर लावावे लागतात, म्हणून त्याला सवलत, असा त्यामागचा विचार होता. जमिनीच्या तुकड्यावर स्वतः राबणाऱ्याने अधिक द्यायचे आणि न राबणाऱ्याने कमी. तुमच्या मामांनी सहज लिहिलेल्या शब्दाच्या पोटात ही एवढी जुनी वजाबाकी आहे. म्हणूनच विवाहाच्या जाहिरातींत आणि परिचयपत्रांत तो आजही पुष्कळदा जातीचा आडपडदा म्हणून येतो. जात थेट लिहायची नसली, तरी ‘पांढरपेशे’ आणि ‘सुसंस्कृत’ हे दोन शब्द शेजारी बसवले, की वाचणाऱ्याला कळायचे ते कळते.

पुढे अर्थ थोडा रुंदावला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली, १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, आणि इंग्रजी शिकून कचेरीत, शाळेत, न्यायालयात काम करणारा एक नवा वर्ग मुंबईच्या आसपास उभा राहिला. ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले ते अशाच लिहित्या-वाचत्या मंडळींच्या उत्साहातून. नौपाडा, चरई, विष्णुनगर या भागांतल्या घरांतून सकाळी डबा घेऊन फोर्टात जाणारा कारकून हा माझ्या लहानपणीच्या ठाण्याचा पांढरपेशा. माझे वडील त्यांच्यापैकीच एक. त्यांच्याकडे तीन पांढरे सदरे होते आणि ते नेहमी शुभ्र असत. ते शुभ्र कशाने राहत, हे मला फार उशिरा दिसले. दर रविवारी आई मोरीत बसून ते घासत असे, नंतर बादलीत नीळ घालून खळबळत असे आणि संध्याकाळी तांब्यात निखारे घालून त्यांना इस्त्री करत असे. तिची बोटे त्या साबणसोड्याने फुटलेली असत. वडिलांचा पेशा पांढरा होता हे खरे, परंतु त्याच घरात दुसऱ्या माणसाच्या हातांचा रंग गेला होता, आणि त्या हातांसाठी भाषेने कुठलाही शब्द तयार केला नव्हता. तेव्हापासून हा शब्द लिहिताना माझा हात थोडा अडखळतो.

पांढरपेशेपणाचा पैशाशी संबंध किती, हेही पाहा. मी ठाण्याच्या एका शाळेत तीस वर्षे मराठी शिकवले. वागळे इस्टेटीतल्या कारखान्यांत काम करणाऱ्या फिटर-टर्नरांची पुष्कळ मुले माझ्या वर्गात असत. त्यांच्यातल्या कित्येक वडिलांचा पगार, जादा कामाचा भत्ता धरला तर, माझ्या पगारापेक्षा अधिक होता. तरी शाळेच्या अर्जावर ते ‘कामगार’ लिहीत आणि लोकांच्या बोलण्यात पांढरपेशी मी असे. याचा अर्थ स्पष्ट आहे. ‘पांढरपेशा’ हे कामाच्या जातीचे नाव आहे, उत्पन्नाचे नाही. तुम्ही स्वतः बँकेत अधिकारी आहात, तेव्हा तुम्ही पांढरपेशी नोकरी करता असे म्हणणे बरोबर ठरेल. तुमचे कुटुंब पांढरपेशे आहे असे म्हणणे बरोबर ठरणार नाही, कारण ते कुटुंब ज्याने उभे केले त्याचा पेशा पांढरा नव्हता. ‘सगळेच लिहितात’ म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही.

आता ‘मध्यमवर्ग’. पांढरपेशाच्या तुलनेत हा शब्द नवा आहे, बनवलेला आहे आणि त्याच्या कडा अस्पष्ट आहेत. इंग्रजीत ज्याला ‘मिडल क्लास’ म्हणतात, त्याला आपण संस्कृत शब्द जोडून हे नाव दिले. तिकडे त्या शब्दाला ‘मध्य’ असण्याचे एक ठळक कारण होते : वर जमीनदार उमराव, खाली कष्टकरी रयत, आणि मधे व्यापारी, वकील, डॉक्टर, कारखानदार. फ्रेंचांचा ‘बूर्ज्वा’ हा शब्दही मुळात तटबंदीच्या नगरात राहणाऱ्या नागरिकाचा. मार्क्सने त्याचा अर्थ भांडवलाचा मालक असा पक्का केला आणि मराठीतल्या डाव्या लेखनात तो जवळजवळ शिवी होऊन आला. आपल्याकडचा मध्यमवर्ग मात्र कारखान्यांचा मालक म्हणून जन्माला आला नाही. तो पगारदार म्हणून जन्माला आला. म्हणून मराठीत ‘मध्यमवर्गीय’ म्हटले, की डोळ्यांपुढे गिरणीमालक येत नाही, महिन्याच्या सात तारखेची वाट पाहणारा माणूस येतो.

शिवाय ‘वर्ग’ या शब्दाने आपल्याकडे दुहेरी काम केले आहे. ‘कामगारवर्ग’, ‘मध्यमवर्ग’ यांत तो आर्थिक आहे. ‘मागासवर्गीय’, ‘इतर मागासवर्ग’ यांत तो प्रत्यक्षात जातींच्या यादीशी बांधलेला आहे. त्यामुळे एकच माणूस एका कागदावर मागासवर्गीय आणि दुसऱ्या कागदावर मध्यमवर्गीय असू शकतो, आणि त्यात विसंगती काहीच नाही. ‘मध्यमवर्गीय’ म्हणजे अमुक जातींचे लोक, अशी जी एक जुनी अस्पष्ट समजूत आपल्या डोक्यात बसली आहे, ती पांढरपेशा शब्दाकडून उसनी आलेली आहे. मामांनी दोन्ही शब्द एका ओळीत लिहिले, ते याच समजुतीपोटी. हे दोन शब्द एकाच घरचे नाहीत.

सोडतीच्या अर्जामुळे तुमचा गोंधळ झाला, तो स्वाभाविक आहे. शासनाच्या कागदावर ‘मध्यमवर्ग’ नसतो, ‘मध्यम उत्पन्न गट’ असतो, आणि त्याची रेषा योजनेगणिक सरकते. समजा, आपल्या भागातल्या एखाद्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेसात लाख रुपये आहे. म्हाडाच्या २०२२ च्या सुधारित मर्यादांप्रमाणे मुंबई महानगर प्रदेशात हे कुटुंब अल्प उत्पन्न गटात बसते, कारण तिथे सहा लाखांपर्यंत अत्यल्प, नऊ लाखांपर्यंत अल्प आणि बारा लाखांपर्यंत मध्यम गट धरला आहे. केंद्राच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०२४ च्या शहरी टप्प्यात तेच कुटुंब मध्यम उत्पन्न गटात जाते, कारण तिथे मध्यम गट सहा ते नऊ लाखांचा आहे. आधीच्या टप्प्यात मध्यम गटाची वरची मर्यादा अठरा लाखांपर्यंत होती. २०१९ पासून लागू झालेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणात उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे. तेव्हा हे कुटुंब आरक्षणाच्या इतर कोणत्याही प्रवर्गात येत नसेल आणि बाकीच्या अटी पूर्ण करत असेल, तर तिथे ते ‘दुर्बल’ ठरते. बाजाराचा अभ्यास करणाऱ्या काही संशोधकांनी पाच ते तीस लाख वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांना मध्यमवर्ग मानले आहे. त्या मोजणीत ते पुन्हा मध्यमवर्गीय होते. घर तेच, पगार तोच, चार कागदांवर त्याची नावे मात्र निराळी. ही मर्यादा ठरवणाऱ्यांची चूक नाही. प्रत्येक योजनेला आपापल्या कामापुरती रेषा आखावीच लागते. आपण मात्र त्या रेषेत आपली ओळख शोधू लागलो, तर फसतो. तुमचा अर्ज कोणत्या घरासाठी विचारात घ्यायचा, एवढेच तो गट सांगत होता.

मग तुम्ही मध्यमवर्गीय आहात का? माझ्या मते आहात, आणि निःसंकोचपणे आहात. मात्र त्याचे कारण तुमची बँकेतली नोकरी हे नाही. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे : ‘आमच्या घरी पैसा कमी असे, पण महिन्याचा किराणा कधी उधारीवर आला नाही.’ माझ्या दृष्टीने वर्गाची खरी सीमारेषा त्या वाक्यात आहे. मराठीत ज्याला आपण ‘हातावर पोट’ म्हणतो, त्यात आज काम मिळाले तर उद्या चूल पेटते. त्या अवस्थेतून ज्या दिवशी माणूस पुढच्या महिन्याचा, मग पुढच्या वर्षाचा आणि मग मुलांच्या शिक्षणाचा विचार करू शकतो, त्या दिवशी तो मध्यमवर्गाच्या उंबरठ्यावर येतो. मध्यमवर्गीय असण्यात घड्याळ, सोफा किंवा इंग्रजी यांच्यापेक्षा उद्याची खात्री अधिक महत्त्वाची असते.

ही खात्री तुमच्या घरात कुठून आली, याचा तुम्ही कधी शोध घेतला आहे का? ‘माथाडी’ हा शब्द माथ्यावरून आला. जो माथ्यावर ओझे वाहतो तो. मशीद बंदराच्या गल्ल्यांत साताऱ्या-सांगलीकडून आलेली ही माणसे एके काळी दिवसाच्या हमालीवर जगत. मालक निश्चित नसे, आजारपणाची रजा नसे, म्हातारपणाची तरतूद नसे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी संघटना बांधली आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्याची रचना मला आजही फार बुद्धिमान वाटते. कामगाराला एक मालक नसतो, हे तिने मान्य केले आणि मधे माथाडी मंडळ उभे केले. टोळीची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, आणि व्यापाऱ्याने मजुरीवर वेगळी लेव्ही भरायची, ज्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजेचा पगार आणि औषधोपचार यांची सोय व्हायची. रोज नव्या दुकानी ओझे उचलणारा माणूस या एका तरतुदीने पासबुक असलेला माणूस झाला. पुढे घाऊक बाजार मुंबईतून वाशी-तुर्भ्याला आले आणि कोपरखैरणे, घणसोली, नेरुळ या भागांत माथाडींच्या वसाहती झाल्या. तुमचे घर त्यांपैकीच एखाद्या ओळीत असेल. गोणी शंभर किलोची होती ती पन्नास किलोवर यावी म्हणूनसुद्धा या माणसांना वर्षानुवर्षे भांडावे लागले.

म्हणजे तुमचे कुटुंब मध्यमवर्गात आले ते पांढऱ्या कपड्यांच्या वाटेने नव्हे. ते आले तुमच्या वडिलांच्या खांद्यावरून, आणि त्या खांद्याला कायद्याचे व संघटनेचे पाठबळ मिळाले म्हणून. हा आपल्या राज्यातला मध्यमवर्ग होण्याचा एक पूर्णपणे निराळा आणि अतिशय सन्माननीय मार्ग आहे. ‘पांढरपेशे’ या एका शब्दाने तो मार्गच पुसला जातो. वडिलांनी कागदाची घडी केली ती याच कारणाने, असे मला वाटते. मामांनी लिहिलेला रकाना पाहा : ‘बाजार समिती’. तुमचे वडील बाजार समितीचे नोकर नव्हते. ते मंडळाकडे नोंदलेले माथाडी होते. एकतीस वर्षांच्या कामाचे ठिकाण ठेवून काम तेवढे गाळले गेले आहे. कुणी माझ्या आयुष्यातून माझी शाळा ठेवून माझे शिकवणे काढून टाकले असते, तर मीही गप्प झाले असते.

सहकाऱ्यांच्या थट्टेबद्दल फार लिहीत नाही. ‘टिपिकल मध्यमवर्गीय’ असे म्हणताना लोक आता वर्गाविषयी बोलत नसतात, ते सवयींविषयी बोलत असतात : प्लास्टिकचे डबे धुऊन ठेवणे, रिक्षाऐवजी बसने जाणे, पगारातून आधी बचत बाजूला काढणे. शब्दाचा हा तिसरा अर्थ आहे आणि तो गेल्या काही दशकांत, लोकांच्या हाती खर्चायला पैसे आल्यानंतर, अधिक ऐकू येऊ लागला. अंथरूण पाहून पाय पसरण्याची सवय ज्या घरात अंथरूण मोजूनच मिळाले त्या घरात सहज येते. ती तुम्हाला लाजिरवाणी वाटत नसेल, तर तुम्हाला कुणाला काही उत्तर देण्याची आवश्यकता नाही. ‘मध्यमवर्गीय मानसिकता’ हा शब्दप्रयोग भित्रेपणा किंवा दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवणे या अर्थानेही वापरला जातो. त्या अर्थाने तो कुणाला लागू पडला, तर मात्र थांबून विचार करावा. माझ्या मते तो धोका तुमच्या बचतीत नाही. तो ‘माथाडी’ हा शब्द लपवण्यात आहे.

आता मामांचे म्हणणे. त्यांना मी खोटारडे ठरवत नाही. भाचीचे चांगले व्हावे म्हणूनच ते धडपडत आहेत, आणि त्यांची भीती पूर्णपणे निराधार नाही. खरे लिहिल्यावर काही घरांतून निरोप येणार नाही. काही ठिकाणी फोनवर ‘वडील माथाडी म्हणजे नक्की काय करायचे?’ असा प्रश्न येईल आणि त्या प्रश्नाच्या सुरावरून तुम्हाला पुढचे सगळे कळेल. मामांनी मात्र एका गोष्टीचा विचार केलेला दिसत नाही. लपवलेली गोष्ट पहिल्या भेटीतच उघडी पडते. पाहुणे घरी येतील, वडिलांशी हात मिळवतील, ‘आपण बाजार समितीत कोणत्या विभागात होता?’ असे विचारतील. त्या वेळी उत्तर वडिलांनी द्यायचे आहे, मामांनी नाही. लेकीच्या लग्नाच्या बोलणीत बापाला स्वतःच्या कामाबद्दल चाचपडत बोलावे लागावे, ही वेळ तुम्ही त्यांच्यावर आणू नका. ज्या घरांना हे चालणार नाही, त्यांची उत्तरे कागदावरच मिळालेली बरी.

तेव्हा कागदावर मी काय लिहिले असते ते सांगते. ‘सुसंस्कृत, पांढरपेशे, मध्यमवर्गीय कुटुंब’ ही ओळ सबंध काढून टाकली असती. सुसंस्कृतपणा स्वतःच्या हाताने लिहायचा नसतो. पाहुण्यांना तो पाण्याच्या पेल्याबरोबर कळतो. ‘मध्यमवर्गीय’ चुकीचा नाही, पण त्यातून वाचणाऱ्याला काही कळतही नाही, कारण चाळीतला भाडेकरू आणि घोडबंदर रस्त्यावरच्या तीन खोल्यांच्या सदनिकेचा मालक असे दोघेही स्वतःला मध्यमवर्गीयच म्हणवतात. त्याऐवजी साध्या वस्तुस्थितीची वाक्ये लिहा : वडील, निवृत्त माथाडी कामगार, कांदा-बटाटा बाजार, वाशी, एकतीस वर्षे सेवा, कोपरखैरणे येथे स्वतःचे घर, मुलगी बँकेत अधिकारी. आई काय करतात हे तुमच्या पत्रात कुठेच आले नाही. परिचयपत्रातही ते ‘गृहिणी’ या एका शब्दात उरकले असेल असा माझा अंदाज आहे. त्यांनी शिवणकाम केले असेल, डबे दिले असतील, घरात कुणाची दुखणी काढली असतील, तर तेही लिहा. माझ्या आईच्या नावापुढे कुणी काही लिहिले नाही, म्हणून हे मी आग्रहाने सांगते आहे.

कागद तयार झाला, की तो आधी मामांकडे पाठवू नका आणि वडिलांपुढे समजावणीचे भाषणही करू नका. त्यांना नुसते विचारा, की तुमच्या टोळीचा क्रमांक काय होता आणि मंडळाकडे पहिली नोंद कोणत्या साली झाली, कारण मला ते लिहायचे आहे. एकतीस वर्षे रोज उच्चारलेला क्रमांक माणूस विसरत नाही. त्यांनी तो सांगितला, की टीव्हीखालचा जुना कागद तुम्ही काढून घ्या. तो क्रमांक परिचयपत्रावर छापायचा की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या.